प्रशिक्षणाआधी भौतिकशास्त्राच्या वर्गात मदतनीस: काम घ्यावं का?

लंबक

नमस्कार मंडळी,

भौतिकशास्त्रात पदवी झाली. शिक्षिका व्हायचं हे पक्कं आहे, पण प्रशिक्षणाला प्रवेश पुढच्या सत्रात. मधल्या काळासाठी एका माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्राच्या तासांना मदतनीस म्हणून काम मिळतंय. कामाचं स्वरूप असं सांगितलंय: शिक्षक शिकवत असताना वर्गात थांबायचं, अडलेल्या मुलांपाशी जायचं, प्रयोगाच्या दिवशी मांडामांड आणि आवराआवर करायची. शिवाय दोन-तीन मुलं अशी आहेत की त्यांच्याकडे खास लक्ष द्यायचंय. शिकवायचं मात्र नाही, फळ्यापाशी शिक्षकच.

घरच्यांचं म्हणणं, त्यापेक्षा शिकवण्या घे. पैसे बरे मिळतील आणि निदान स्वतः शिकवशील तरी.

ज्यांनी असं काम केलंय किंवा ज्यांच्या वर्गात असे मदतनीस होते, त्यांनी कृपया सांगा. यातून नेमकं काय पदरात पडतं? कशाकडे लक्ष ठेवायचं? आणि एक अगदी साधी शंका: शिक्षक बोलत असताना शेजारच्या मुलाने हळूच काही विचारलं, तर हळूच उत्तर द्यायचं का?

---

वाचनमात्र

चांगला धागा. मीही याच उंबरठ्यावर आहे, त्यामुळे वाचतेय.

---

जुना फळा

लंबक, काम घ्या. मी बरीच वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो, माझ्या वर्गात असे मदतनीस येत असत. पुढे त्यांतले काही चांगले शिक्षक झाले, काही नाही. फरक कुठे पडला ते सांगतो.

डॅन लॉर्टी या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये एक निरीक्षण मांडले होते. शिक्षकी पेशात येणारा माणूस आधी हजारो तास विद्यार्थी म्हणून शिक्षकांना बघत आलेला असतो, म्हणून त्याला वाटते की हे काम आपल्याला ठाऊक आहे. पण त्याने पाहिलेले असते ते प्रेक्षागृहातून. हेच उदाहरण का घेतले, हा प्रश्न त्याच मुलीला का विचारला, एक मुद्दा अर्धा सोडून पुढे का गेले, हे बाकावरून दिसत नाही. मदतनिसाची जागा विंगेतली. तिथून नटही दिसतात आणि प्रेक्षकांचे चेहरेही. ही जागा पुन्हा मिळत नाही, कारण एकदा फळ्यापाशी गेलात की वर्गातल्या निम्म्या गोष्टी ऐकू येणे बंद होते.

आता ऐकायचे काय, तर चुकीची उत्तरे. एक नमुना देतो. चेंडू सरळ वर फेकला. हातातून सुटला आहे आणि अजून वर चालला आहे. हवेचा रोध सोडून द्या. त्याच्यावर कोणकोणती बले आहेत? उत्तर एकच, गुरुत्वाकर्षणाचे. पण बाकांमधून फिरलात तर हमखास ऐकू येईल की हाताचे बल अजून चेंडूत आहे, ते संपत संपत जाते, सर्वांत वर दोन्ही बले सारखी होतात आणि मग गुरुत्वाकर्षण जिंकते. हे ऐकून हसू नका. फेकणारा वस्तूत काहीतरी भरतो आणि त्याच्या जोरावर ती पुढे जात राहते, ही कल्पना १४व्या शतकात पॅरिसच्या ज्याँ ब्युरिदाँने नीट मांडली होती. मुलगा त्याच कुळातला. त्याने पाठांतरात चूक केलेली नाही, तो विचार करून तिथे पोचला आहे. म्हणूनच नुसते 'चूक' म्हटल्याने त्याचे मत बदलत नाही.

१९८५ मध्ये इब्राहिम हल्लून आणि डेव्हिड हेस्टेनिस यांनी अशाच समजुतींवर आधारलेली चाचणी प्रसिद्ध केली. पुढे १९९२ मध्ये हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांची बलसंकल्पनेवरची प्रश्नावली आली, ती जगभर वापरली जाते. सूत्र नाही, आकडेमोड नाही, साध्या भाषेतले बहुपर्यायी प्रश्न, आणि चुकीचे पर्याय विद्यार्थ्यांच्या खऱ्याखुऱ्या समजुतींमधून उचललेले. हार्वर्डला शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी आपल्या वर्गाला असे प्रश्न दिले तेव्हा वर्गातून विचारणा झाली: उत्तरे तुम्ही शिकवलेत तशी लिहायची, की आम्हाला खरोखर वाटते तशी? माझूर यांनी पुढे आपली शिकवण्याची पद्धतच बदलली.

त्या 'खरोखर वाटते' पर्यंत शिक्षकाचा हात क्वचित पोचतो. मदतनिसाचा रोज पोचू शकतो, कारण त्याला गुण द्यायचे नसतात आणि मुले त्याच्यासमोर बिनधास्त बोलतात. माझ्या वर्गात जे मदतनीस हे ऐकत राहिले ते पुढे तयार झाले. जे वर्गभर उत्तरे वाटत फिरले ते वर्षअखेरीसही होते तिथेच होते.

---

तिरकस किरण

जुना फळा काकांचं लिखाण नेहमीप्रमाणे छान, पण जमिनीवरची गोष्ट कुणीतरी सांगायला हवी. मदतनीस म्हणजे बऱ्याच ठिकाणी झेरॉक्स काढणारा, रजेवरच्या शिक्षकाच्या तासाला बसणारा आणि गोंगाट करणाऱ्याला बाहेर घेऊन जाणारा माणूस. भौतिकशास्त्राचा तास सोडून इतरत्रच जास्त वापरतात. पगार यथातथा. शिकवण्यांत निदान एक धडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः समजावून द्यावा लागतो. लंबकच्या घरचे फार चुकीचं बोलत नाहीयेत.

---

सावली

मी हे काम करून मग प्रशिक्षण घेतलं, आता शिकवते. तिरकस किरण म्हणतात ते होतं, नाकारत नाही. पण लंबकच्या शेवटच्या शंकेवर मला बरंच बोलायचंय, कारण सगळं कामच त्या शंकेत आहे.

हळूच उत्तर द्यायचं नाही. दोन कारणं. एक तर शिक्षक बोलत असताना तुम्ही कुजबुजलात की त्या मुलाचं शिक्षकाचं वाक्य हुकतं, मग पुढचंही कळत नाही, मग पुन्हा तुम्हालाच विचारावं लागतं. बघता बघता त्या मुलाचा वर्गच वेगळा होतो, दोघांचा. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. इंग्लंड-वेल्समधल्या शाळांत २००३ ते २००८ या काळात पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांनी मदतनिसांच्या कामाचा मोठा अभ्यास केला. निघालं असं की ज्या मुलांना मदतनिसांची जास्त मदत मिळाली त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी झाली. मुलं आधीच मागे होती म्हणून असेल, असं कुणालाही वाटेल, पण ते हिशेबात धरूनही फरक उरला. अभ्यासकांनी दोष मदतनिसांना दिला नाही, त्यांना ज्या पद्धतीने वापरलं जातं तिला दिला. मदतनीस जवळ आला की शिक्षक त्या मुलाकडे कमी वळतात. आणि मदतनिसाचा भर राहतो वही पूर्ण होण्यावर, समजण्यावर नाही.

म्हणजे आपण चांगल्या मनाने नुकसान करू शकतो. रुजू होण्याआधी एवढं डोक्यात असलं की पुष्कळ झालं.

मग करायचं काय? आधी थांबायचं. मेरी बड रो या संशोधक बाईंनी विज्ञानाच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. हीच वाट तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून लांबवली तर उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात, मुलं आपणहून कारणंही देतात. मुलाशेजारी बसून तीन सेकंद गप्प राहणं फार अवघड जातं, करून बघा.

थांबूनही काही आलं नाही, तर प्रश्नात काय दिलंय आणि काय विचारलंय ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं. त्याने नाही भागलं तर आकृती काढायला लावायची. तरीही नाही, तर एक सुगावा. त्यानंतर तसंच दुसरं उदाहरण आपण सोडवून दाखवायचं आणि मूळ गणित त्याच्याकडेच ठेवायचं. त्याच्या हातातलं पेन घ्यायचं नाही, कधीच नाही. आणि सुगावा दिला की उठून दुसऱ्या बाकाकडे जायचं. तुम्ही तिथेच उभ्या राहिलात तर तो कागदाकडे न बघता तुमच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर शोधतो. पोरं यात तरबेज असतात.

विद्युतमंडलाचं उदाहरण घ्या. दोन सारखे बल्ब एकसर जोडलेत. बहुतेक गटांत कुणीतरी म्हणणारच की पहिला बल्ब धारा 'खाऊन टाकतो' आणि दुसऱ्याला उरलेली मिळते. इथे 'नाही रे, धारा सगळीकडे सारखीच' असं सांगायचा मोह आवरा. आधी त्याला लिहायला लावा: दोन बल्बांच्या आधी, मध्ये आणि नंतर अमीटर (धारा मोजणारा मीटर) जोडला तर काय काय दिसेल, आणि का? मग जोडू दे. तीनही ठिकाणी तोच आकडा दिसला की तोच तुम्हाला विचारेल, मग बल्ब पेटतो कशावर? आता ऊर्जा आणि विभवांतराबद्दल (व्होल्टेजबद्दल) बोलायला जागा तयार झाली. सांगून टाकलं असतं तर हा प्रश्न आलाच नसता.

---

लंबक

सावलीताई, जुना फळा काका, मनापासून आभार. वाक्यं उतरवून घेतलीत.

प्रयोगशाळेचं जरा भय आहे. पदवीला प्रयोग केले, पण तेव्हा सगळं मांडून ठेवलेलं असायचं. तीसेक मुलांसाठी मांडामांड कधी केलेली नाही.

---

शून्य त्रुटी

आले आमच्या खात्यात! मी प्रयोगशाळा सांभाळतो.

पहिला नियम: प्रत्येक संच आदल्या दिवशी स्वतः चालवून बघायचा. 'मागच्या आठवड्यात चालत होतं' याला काही अर्थ नाही. वायरी बाहेरून धडधाकट दिसतात आणि आवरणाच्या आत तुटलेल्या असतात, विशेषतः क्रोकोडाइल क्लिपच्या मानेपाशी. मल्टीमीटर धारा मोजत नसेल तर आधी आतला फ्यूज बघा. कुणीतरी अमीटर म्हणून लावलेला मीटर सरळ सेलच्या दोन टोकांना जोडलेला असतो. अमीटरचा रोध अगदी कमी, त्यामुळे जवळजवळ शॉर्ट सर्किटच, आणि फ्यूज जातो. हे दर वर्षी होतं, पोरांवर चिडण्यात हशील नाही. सुटे फ्यूज जवळ ठेवा.

ओहमच्या नियमासाठी नायक्रोमची तार वापरता ना? दोन वाचनांच्या मधे स्विच बंद करायला लावा. नाहीतर तार तापते. हात भाजायची भीती आहेच, शिवाय वाचनं सरकत जातात. आणि तारेऐवजी टॉर्चचा बल्ब लावला तर आलेख वाकणारच. फिलामेंट तापेल तसा त्याचा रोध वाढतो. कुणी तो वाकडा आलेख खोडून सरळ रेघ मारत असेल तर त्याचा हात धरा. बिचाऱ्याचं बरोबर आलेलं असतं.

आता लंबक, तुमच्या नावाचा प्रयोग. एक मीटर लांबीच्या लंबकाचं एक दोलन साधारण दोन सेकंदांत होतं. वीस दोलनांना सुमारे चाळीस सेकंद. गटागटांतून फिरताना हे डोक्यात असलं की कुठे बिघडलंय ते लांबूनच कळतं. सगळ्यात लाडकी चूक अशी: गोळा सोडताना 'एक' म्हणतात, 'वीस' म्हणताना घड्याळ थांबवतात. झाली एकोणीस दोलनं, भागलं विसाने. दोलनकाल पाच टक्के कमी आला, आणि सूत्रात त्याचा वर्ग असल्यामुळे गुरुत्वत्वरण ९.८ च्या जागी १०.९ च्या आसपास जातं. एखाद्या गटाचं उत्तर १०.९ दिसलं की काही बोलू नका, फक्त म्हणा, 'पुन्हा एकदा मोजून दाखवा, मोठ्याने मोजा.' सोडताना 'शून्य' म्हणायचं हे त्यांचं त्यांना सापडतं. दुसरी चूक लांबीची. दोरा संपतो तिथपर्यंत मोजतात, मोजायची असते गोळ्याच्या मध्यापर्यंत.

स्प्रिंगच्या प्रयोगात पोरं वजनं लावतच सुटतात. स्प्रिंग एकदा मर्यादेबाहेर ताणली की परत मूळ लांबीला येत नाही, पुढच्या वर्गाचा संच बाद. आणि वजनं पडतात ती पायावर, म्हणून खाली खोकं किंवा जाड कापड ठेवा. डोळ्यांना चष्मे.

काय करायचं नाही तेही सांगतो. किरणोत्सारी नमुना, जास्त दाबाचा वीजपुरवठा, लेझर, यांना शिक्षक सोबत नसताना हात लावायचा नाही. कुणी 'जरा तेवढं आणून मांड ना' म्हटलं तरी नाही. तुमचं अजून प्रशिक्षण झालेलं नाही, आणि काही झालं तर विचारणा तुम्हालाच होईल.

आवराआवरीत मोजून घ्या. भिंगं, छोटी चुंबकं आणि स्टॉपवॉच यांना पाय फुटतात. तास संपायच्या पाच मिनिटं आधी मोजायचं, घंटा झाल्यावर नाही.

---

अर्धा गुण

वरच्या सगळ्याला दुजोरा. पण एक मोठा भाग सुटलाय: गणित.

भौतिकशास्त्रात अडलेलं पोर बऱ्याचदा भौतिकशास्त्रात अडलेलंच नसतं. व्ही = आय × आर (विभवांतर = धारा × रोध) यात आर काढायला सांगा, अर्धा वर्ग तीन अक्षरं त्रिकोणात मांडून हवं ते अक्षर झाकतो. चालतंय तोवर ठीक. पण व्ही = यू + ए × टी (वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × वेळ) आलं की त्रिकोण कामाचा नाही, आणि मग 'मला फिजिक्स जमत नाही' सुरू. त्याला फिजिक्स जमतंय, समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकच क्रिया करायची असते हे त्याच्या हाती लागलेलं नाही. मदतनिसाला हे दहा मिनिटांत दिसतं, शिक्षकाला उत्तरपत्रिकेत फक्त चुकलेला आकडा दिसतो.

तसंच आलेखाचं. अंतर-काल आलेख वर चढून मग आडवा झाला, तर 'माणूस टेकडी चढला आणि सपाटीवर चालतोय' असं वाचणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात. आडवी रेघ म्हणजे तो उभा आहे, हे पचत नाही. आलेख ते चित्र म्हणून बघतात. यावर अमेरिकेत लिलियन मॅकडर्मट यांच्या गटाने १९८०च्या दशकात काम केलंय आणि महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांतही हीच अडचण सापडली होती, तेव्हा शाळकरी पोरांना बोल लावू नका. उपाय जमिनीवरचा: त्या मुलाला वर्गात चालायला लावा आणि दुसऱ्याला त्याच्या चालण्याचा आलेख काढायला लावा. मग उलट, आलेख द्या आणि तसं चालायला सांगा. जागेवर थबकला की समजायचं, कळलं.

एककांकडे मात्र दुर्लक्ष करू नका. 'मीटर प्रति सेकंद' लिहायला विसरला म्हणून अर्धा गुण कापणं वेगळं (माझं नाव तिथूनच आलंय), आणि आलेखाच्या उताराला एकक असतं, ते एकक उताराचा अर्थ सांगतं, हे दाखवणं वेगळं.

---

तिरकस किरण

मान्य, धागा शिकवणीपेक्षा वरचढ होत चाललाय. तरी माझा मुद्दा कायम. वर्षभर तीच तीन-चार प्रकरणं ऐकून स्वतःचं भौतिकशास्त्र गंजतं. प्रशिक्षणात विषयाच्या मुलाखतीला प्रकाशाचं ध्रुवीकरण विचारलं की तोंड उघडत नाही.

---

जुना फळा

गंजते हे खरे, पण ते तुमच्या हातात आहे. संध्याकाळी पदवीची पुस्तके उघडायला कुणी मना केलेले नाही.

शिकवणीबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे. शिकवणीला येणारे मूल शंका घेऊन येते, किंवा निदान पालकांनी पाठवलेले असते. वर्गातली बहुतेक मुले शंका विचारत नाहीत. काहींना शंका आहे हेच त्यांना कळलेले नसते. काहींना सगळे कळलेले असते आणि ती कंटाळलेली असतात. या सगळ्यांना एकाच तासात कसे घेऊन जायचे, हा शिक्षकाचा खरा धंदा. तो एकास एक शिकवून समजत नाही.

ली शुलमन या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९८६ मध्ये म्हटले होते की विषयाचे ज्ञान आणि शिकवण्याचे सर्वसाधारण कौशल्य या दोहोंखेरीज एक तिसरे ज्ञान असते: हा विशिष्ट विषय या विशिष्ट मुलांना कसा समजतो आणि कुठे समजत नाही याचे. पदवीत ते मिळत नाही. प्रशिक्षणात त्याची ओळख होते. पण त्याचा कच्चा माल वर्गात आहे.

---

लंबक

आणखी एक नाजूक प्रश्न. शिक्षकांनी वर्गात भौतिकशास्त्रच चुकीचं सांगितलं तर?

---

सावली

वर्गात नाही. तास संपल्यावर, दोघंच असताना, 'सर, मला एक शंका आहे' असं. बहुतेक जण मोकळेपणाने घेतात. पण त्याआधी ती चूक आहे की मुद्दाम केलेलं सोपं रूप, हे ओळखायला शिका. 'धारा धनाकडून ऋणाकडे वाहते' म्हटलं की पदवीधराच्या जिभेवर लगेच इलेक्ट्रॉन येतात. ते उलट दिशेने जातात खरे, पण ती चूक नाही, सगळ्यांनी मान्य केलेला संकेत आहे. पहिल्या वर्षीच्या मुलांना अणू म्हणजे मधे केंद्रक आणि भोवती फिरणारे इलेक्ट्रॉन असं सांगणं हीही वेळेपुरती सोय.

नोंदींबद्दल कुणी विचारलं नाही, तरी सांगते. एक पातळ वही ठेवा. डावीकडे मुलाचं वाक्य जसंच्या तसं, त्याच्या शब्दांत, नाव न लिहिता. उजवीकडे त्यावर शिक्षकांनी काय विचारलं किंवा केलं. बस. 'तास छान झाला' वगैरे लिहू नका, सहा महिन्यांनी त्यातून काही निघत नाही. माझी ती वही मी अजून धडा आखताना उघडते.

कुठे उभं राहायचं तेही ठरवा. नवा मदतनीस मागच्या भिंतीला टेकतो. अधूनमधून पुढे, बाजूला, मुलांचे चेहरे दिसतील असं उभं राहा. शिक्षकांनी अमुक वाक्य म्हटलं आणि कपाळांवर आठ्या पडल्या, हे मागून दिसत नाही. साहित्य वाटण्याआधी सूचना दिल्या की नंतर, हे खास बघा. हातात स्प्रिंग आल्यावर कुणीही ऐकत नाही.

आणि प्रयोगाचे गट बघा. खूप ठिकाणी एकच मुलगा जोडण्या करतो आणि मुली आकडे लिहून घेतात. कुणी ठरवलेलं नसतं, आपोआप होतं. दर वाचनाला कामं बदलायला सांगा. ज्यांच्याकडे खास लक्ष द्यायचंय त्यांनाही नुसतं 'लिहून घे' या कामाला बसवू नका. हात थरथरत असेल तर जोडणी दुसऱ्याने करावी, पण कुठली वायर कुठे हे त्याने सांगावं. व्हर्निअरच्या बारीक रेघा दिसत नसतील तर डिजिटल कॅलिपर द्या. लाल आणि हिरव्या वायरींत गोंधळणारं मूल कदाचित बेफिकीर नसेल, त्याला ते रंग वेगळे दिसतच नसतील. वायरींवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवा.

---

जुना फळा

चुकीच्या स्पष्टीकरणाचे एक ठळक उदाहरण देऊन ठेवतो, कारण ते पुस्तकांतूनही फिरते. विमानाचा पंख वर फुगीर असतो, वरच्या हवेला लांबचा पल्ला असतो, दोन्हीकडची हवा मागच्या कडेला एकाच वेळी पोचायची म्हणून वरची जोरात धावते, आणि म्हणून विमान उचलले जाते. यातले 'एकाच वेळी पोचायची' हे सपशेल चूक आहे. अशी कोणतीही सक्ती हवेवर नाही. प्रयोगात वरची हवा आधीच पुढे निघून गेलेली दिसते. शिवाय विमाने उलटी होऊनही उडतात. पंख हवेला खाली ढकलतो आणि हवा पंखाला वर, ही न्यूटनच्या तिसऱ्या नियमाची बाजू मुलांना कळते आणि ती खरीही आहे.

असे काही वर्गात ऐकले तर शिक्षकांना तासानंतर विचारा, 'एकाच वेळी का पोचते?' प्रश्न म्हणूनच विचारा. मलाही एका मदतनीस मुलीने असेच विचारले होते, वेगळ्या प्रकरणावर. पुढच्या तासाची सुरुवात मी तिलाच करायला सांगितली.

लंबक, तेही मागून घ्या. आधी तासाची पहिली दहा मिनिटे, मग पाच-सहा मुलांचा गट, मग एखादा पूर्ण धडा शिक्षक मागे बसलेले असताना. आपणहून क्वचित कुणी देते. विचारले तर सहसा नाही म्हणत नाहीत.

---

लंबक

काम घेतेय. होकार कळवला. पहिलं प्रकरण विद्युतमंडलाचंच आहे, त्यामुळे सावलीताईंचे दोन बल्ब आणि शून्य त्रुटींचे फ्यूज दोन्ही लागणार.

---

तिरकस किरण

अभिनंदन. आता माझं ऐका, कारण हे बाकीचे सज्जन लोक सांगणार नाहीत.

रुजू होण्याआधी कामाचं स्वरूप लेखी घ्या, आणि त्यात आठवड्यातले किती तास भौतिकशास्त्राच्या वर्गात हे लिहून घ्या. 'गरजेप्रमाणे इतर कामे' अशी ओळ असेलच. ती काढता येणार नाही, पण तिला मर्यादा आहे का ते विचारा. रजेवरच्या शिक्षकाच्या जागी एकटीला वर्गावर पाठवणार का, हेही आत्ताच विचारा. तास नेमके कुणाचे मिळणार ते कळून घ्या. दोन वेगळ्या शिक्षकांचे मिळाले तर उत्तम, एकाच माणसाची नक्कल करण्यापासून वाचाल.

प्रशिक्षणासाठी शिफारसपत्र लागणार. ते ज्यांच्या वर्गात बसलात त्या शिक्षकांकडून घ्या, कार्यालयातून नको. कार्यालय फक्त हजेरी लिहून देतं. सत्र संपायच्या बरंच आधी मागा, शेवटच्या आठवड्यात सगळे पेपर तपासत असतात.

---

शून्य त्रुटी

@तिरकस किरण, हे मात्र शंभर टक्के. आणि लंबक, प्रयोगशाळेच्या कपाटांच्या चाव्या कुणाकडे असतात ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. तो माणूस रजेवर गेला की चाव्या कुणाकडे, हेही.